बाबा, त्या ट्रकवाल्यांच्या केसबद्दल

ती. बाबा आणि आई,

बाबा, तुम्ही विचारलंत की कॅलिफोर्नियाचे ट्रकवाले सुप्रीम कोर्टात हरले म्हणजे नक्की काय झालं, फोनवर ते नीट सांगता येईना म्हणून लिहूनच टाकते.

हरले असं नाही खरं तर. ३० जून २०२२ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॅलिफोर्निया ट्रकिंग असोसिएशनचं अपील ऐकायलाच नकार दिला, कारणही दिलं नाही, बहुतेक वेळा देतच नाहीत. नऊपैकी चार जज तरी 'ऐकूया' म्हणावे लागतात, तेवढे झाले नसणार. त्यामुळे खालच्या कोर्टाचा २०२१ चा निकाल कायम, आणि २०२० पासून ट्रकवाल्यांपुरता स्टे असलेला एबी५ कायदा, म्हणजे कोण पगारी कामगार आणि कोण कंत्राटदार ते ठरवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा, आता त्यांच्याही डोक्यावर.

त्यात ड्रायव्हरला 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणायला तीन अटी आहेत, मधली जीवघेणी: त्याचं काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं पाहिजे. आता ट्रान्सपोर्ट कंपनीचा माल वाहणारा माणूस धंद्याबाहेरचं काय करणार, भजी तळणार?! म्हणजे एकतर पगारावर जा नाहीतर परमिट, इन्शुरन्स सगळं स्वतःच्या नावावर काढून वेगळा धंदा करा. असे स्वतःच्या गाडीवाले इथे ७० हजारांच्या आसपास आहेत म्हणतात.

तुमची गाडी सांगलीत ट्रान्सपोर्ट कंपनीला अटॅच होती तेव्हा हळदीची पोती कधी भरायची ते ऑफिस ठरवायचं, हप्ता, डिझेल, टायर मात्र तुमच्या खिशातून, आणि तरी तुम्ही ऐटीत 'मी मालक आहे' म्हणायचात. इथल्या ओकलंड पोर्टच्या गेटवर या आठवड्यात जे गाड्या आडव्या लावून बसलेत ते हेच म्हणतायत. त्यात पंजाबी खूप, एक पाजी मला म्हणाले, कर्ज काढून ट्रक घेतला तो काय परत नोकर व्हायला?

पण बाबा, दुसरी बाजू पण आहे. हे सगळं सुरू झालं डायनामेक्स नावाच्या कुरियर कंपनीवरून, तिने २००४ मध्ये पगारी ड्रायव्हर सरसकट कंत्राटदार करून टाकले, काम तेच, फक्त गाडीचा खर्च ड्रायव्हरच्या गळ्यात. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने त्या केसमध्ये याच तीन अटी लावल्या, त्यावरून हा कायदा आला. मला वाटतं कंपन्या खऱ्या मालकांना पुढे करून स्वतःचा पैसा वाचवतात, आणि कायद्याने सगळ्यांना एकाच मापात घातलं.

आमच्या ऑफिसचे कंटेनर आत अडकलेत, पार्टी सारखी फोन करतेय, त्यामुळे रविवारी बोलू. तोवर एक विचार करून ठेवा, तेव्हा त्या कंपनीने पगारावर घेतो म्हटलं असतं तर गेला असतात का? आई, तू पण सांग, हप्त्याचे पैसे तूच जमवायचीस.

तुमची,
मनू