कारगिल नव्हे, बसंतर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विजय दिवसानिमित्त माझ्या नातीच्या शाळेत कार्यक्रम झाला. माजी सैनिक म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. शाल, श्रीफळ, फेटा सगळं यथासांग. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी आवाज चढवून सांगितलं, "कारगिलच्या बर्फात झुंजताना हौतात्म्य पत्करणारे वीर अरुण खेतरपाल!" टाळ्या झाल्या. मागच्या फ्लेक्सवरचा फोटो तर खेतरपालांचा नव्हताच, वर्दी घातलेल्या कुठल्याशा नटाचा होता. कार्यक्रम संपल्यावर मी बाईंना बाजूला घेऊन म्हणालो, "बाई, ते एकाहत्तरचं युद्ध. कारगिल नव्याण्णवचं. आणि बर्फ कुठला, नदीकाठची शेतं होती ती." त्या हसून म्हणाल्या, "आजोबा, भावना पोहोचल्या ना, ते महत्त्वाचं."

शाल खांद्यावर होती, म्हणून तिथं वाद घातला नाही. तो आता आपल्या पत्रातून घालतो.

मी ईएमईमधून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दळातून, हवालदार म्हणून निवृत्त झालो, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. जन्म १९५० चा. परमवीरचक्र मिळालेले हे खेतरपालही १९५० चेच, १४ ऑक्टोबरचे, आणि जन्मले आपल्या पुण्यात. एकाहत्तरच्या डिसेंबरात ते पश्चिम सीमेवर बसंतर नदीवर होते आणि मी सिकंदराबादला ट्रेनिंगमध्ये पान्यांचे नंबर पाठ करत होतो. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. पण पुढं ज्या वर्कशॉपला माझं पोस्टिंग झालं तिथं सेंच्युरियन रणगाडे यायचे. खेतरपाल ज्यात गेले त्याच जातीचे. त्या गाड्यांच्या पोटात शिरून मी काम केलं आहे, म्हणून ही गोष्ट मला जरा वेगळी दिसते.

घराणं फौजी. वडील लष्करात इंजिनिअर अधिकारी. सनावरची शाळा, मग खडकवासल्याची एनडीए, आणि १३ जून १९७१ ला कमिशन मिळालं ते १७ पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रिसाल्यात. (या रिसाल्याचं मूळ १८१७ च्या पेशव्यांबरोबरच्या तहापर्यंत जातं. आपल्याकडे नावातल्या 'पूना'पुढं कुणी फारसं जात नाही.) युद्धाचे ढग जमले तेव्हा ते नगरला तरुण अधिकाऱ्यांच्या कोर्सला होते. कोर्स अर्धा टाकून निघाले. वाटेत दिल्लीला घरी उतरले तर सामानात गोल्फच्या काठ्या! लाहोर जिंकल्यावर तिथं खेळायचं म्हणून. घरच्यांनीच सांगितलेली गोष्ट आहे ही. मला ती फार आवडते. फ्लेक्सवरच्या वीराकडं गोल्फच्या काठ्या नसतात. एकवीस वर्षांच्या पोराकडं असतात.

१५ डिसेंबरच्या रात्री आपल्या पायदळानं शकरगढ भागात बसंतर ओलांडून पलीकडं पाय रोवले. मधे सुरुंगांचा पट्टा. सॅपर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनिअर जवानांचं, सुरुंग काढायचं काम पुरं झालेलं नसताना, पलीकडं शत्रूचे रणगाडे हलताहेत असं कळल्यावर पूना हॉर्सनं गाड्या तशाच आत घातल्या. सुरुंगावर चढलेली गाडी मी वर्कशॉपात पाहिली आहे. ट्रॅक उसवून बाजूला पडतो आणि बोगी व्हील वाकडी होतात. रात्रीच्या अंधारात, पुढचा ड्रायव्हर गेला त्याच चाकोरीतून आपली पन्नास टनांची गाडी न्यायची, हे काम ड्रायव्हरचं आहे, त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.

सकाळी आठच्या सुमारास जरपालजवळ पाकिस्तानी रणगाड्यांचा हल्ला आला. दुसऱ्या स्क्वॉड्रननं मदत मागितली, खेतरपाल आपला ट्रूप, म्हणजे रणगाड्यांची छोटी तुकडी, घेऊन धावले. वाटेत शत्रूच्या ठाण्यांतून आणि रिकॉइललेस तोफांतून मारा होत होता. ती ठाणी तुडवतच ते पुढं गेले. त्यांच्या ट्रूपमधला एक टँक कमांडर तिथंच पडला. पुढं गाठ पडली ती १३ लान्सर्सच्या पॅटन रणगाड्यांशी. दहा रणगाडे आपल्या बाजूनं उडवले, त्यांतले चार एकट्या खेतरपालांच्या गाडीनं. शेवटचा उडवला तो जेमतेम शंभर मीटरवर. साताऱ्याच्या एसटी स्टँडच्या एका टोकाला आपण आणि दुसऱ्या टोकाला तो, असं समजा.

तोवर त्यांच्या गाडीलाही मार बसून आग लागली होती. वायरलेसवर वरिष्ठांनी गाडी सोडायला सांगितलं. उत्तर आलं ते सगळ्यांना पाठ आहे: गाडी सोडणार नाही, माझी तोफ अजून चालू आहे. भाषणांत हे वाक्य आलं की लोकांच्या छात्या फुगतात. मला मात्र त्यात आधी मेकॅनिकचा रिपोर्ट ऐकू येतो. सेंच्युरियन पेट्रोलवर चालायचा. डिझेलच्या गाडीला आग लागणं वेगळं आणि पेट्रोलच्या गाडीला लागणं वेगळं, हे टाकीशेजारी बसून काम केलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. शहाणा माणूस आधी बाहेर उडी टाकतो. या पोरानं त्या धुरात बसून काय गेलं आणि काय चालू आहे याचा हिशेब केला. गाडी गेली. तोफ चालू. समोर शत्रू. बाजूचे आपले रणगाडे लढायच्या बाहेर. म्हणजे आपण बाहेर पडलो तर वाट मोकळी. याला लोक बेभान शौर्य म्हणतात. मला त्यात भान दिसतं. कमिशन मिळून सहा महिने आणि तीन दिवस झाले होते.

त्यानंतर आणखी एक गोळा बसला.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते. त्या गाडीचं नाव फामागुस्टा. सेंच्युरियनमध्ये चार माणसं असतात. ड्रायव्हर पुढं खाली, बाकी तिघं वर टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात. ड्रायव्हर होता सवार प्रयागसिंग, गनर सवार नथूसिंग आणि लोडर-वायरलेसवाला सवार नंदसिंग. नंदसिंगही त्याच गाडीत गेला. बाकीचे दोघे वाचले. साहेबांनी 'सोडणार नाही' म्हटलं तेव्हा ते चौघांच्या वतीनं म्हटलं. मी हवालदार होतो, त्यामुळं माझं लक्ष तिकडं जाणारच. आणि आपला जिल्हा तरी कुणाचा? अपशिंगे मिलिटरीपासून माण-खटावपर्यंत घराघरांतून जे गेले ते बहुतेक शिपाई, नाईक, हवालदार. निदान साताऱ्याच्या स्टेजवरून तरी खेतरपालांच्या पाठोपाठ नंदसिंगचं नाव यावं, एवढं मागायला मी कचरत नाही.

त्याच दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास ढाक्यात शरणागतीवर सही झाली. आपण कराडला इतकी वर्षं जो विजय दिवस साजरा करतो तो त्या सहीचा. बरोबरच आहे. पण पश्चिमेला त्याच सकाळी हे घडलं होतं, आणि त्याच जरपालला मेजर होशियारसिंगांनाही परमवीरचक्र मिळालं, ते त्या सहीच्या सावलीत राहून जातं. खेतरपालांच्या घरी तर युद्ध थांबल्याची बातमी आधी पोहोचली आणि तार नंतर. आमच्या गावात त्या काळी तारवाला वेशीत दिसला की बायका हातातली भाकरी तव्यावर टाकून दारात यायच्या. कुणाच्या दाराकडं सायकल वळते ते बघायच्या. माझ्या आईनं ते दिवस काढले आहेत, म्हणून आनंदाच्या बातमीमागून आलेल्या तारेचं मी जास्त लिहीत नाही.

वडिलांची गोष्ट मात्र लिहायलाच हवी. ब्रिगेडियर खेतरपाल ८१ वर्षांचे असताना, २००१ साली, आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचा पाहुणचार ब्रिगेडियर नासर या निवृत्त अधिकाऱ्यानं केला. निघायच्या आदल्या रात्री यजमानानंच सांगितलं, की तुमच्या मुलाच्या गाडीसमोर त्या सकाळी मी होतो, आणि तो माझ्या हातून गेला. तीस वर्षं मनात ठेवलेली गोष्ट त्यानं म्हाताऱ्या बापाच्या तोंडावर सांगितली, आणि मुलाच्या शौर्याचं कौतुकही केलं. मला त्या दोघांचंही नवल वाटतं. कुणाचं जास्त, ते अजून ठरवता आलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, आजोबा, सालात एवढं काय अडलंय? अडलंय ते असं. आपल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक, सातारा सैनिक स्कूलचे विद्यार्थी, ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर, १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात गेले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. हे सगळं आज साताऱ्यात पोराटोरांना माहीत आहे. पण खेतरपालांना चौपन्न वर्षांत आपण बसंतरवरून उचलून कारगिलला नेऊन ठेवलं, तर आणखी तीस-चाळीस वर्षांनी एखाद्या स्टेजवर कर्नलसाहेबांना कुठं नेऊन ठेवतील? त्या वेळी दुरुस्त करायला मी नसेन.

शाळांना माझं सांगणं फार नाही. परमवीरचक्राचं मानपत्र पानभराचं असतं. नववी-दहावीच्या एखाद्या चुणचुणीत मुलीकडून त्याचं मराठी करून घ्यावं आणि १६ डिसेंबरला सकाळी प्रार्थनेनंतर ते नुसतं वाचावं. पार्श्वसंगीत नको, 'थरथर कापे' वगैरे नको. फ्लेक्स लावायचाच तर फोटो खऱ्या माणसाचा लावा. सहल काढायची तर नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, तिथं सेंच्युरियन पोरांना हात लावून बघता येईल. आणि ज्यांची मुलं एनडीएतून पास होतील त्या आईबापांनी संचलन बघताना एवढं ध्यानात ठेवावं, की त्या मैदानाला नाव खेतरपालांचं आहे.

नातीच्या वहीत बाईंनी सांगितल्याप्रमाणे 'कारगिल' लिहिलं होतं. आम्ही दोघांनी बसून ते खोडलं आणि खाली चौघांची नावं लिहिली. तिनं विचारलं, "आजोबा, नंदसिंग दिसायला कसे होते?" माझ्याकडं त्यांचा फोटो नाही. आपल्या कचेरीच्या जुन्या कात्रणांत असला तर कृपया छापावा, किंवा मला कळवावं. मी स्वतः येऊन बघून जाईन.

आपला,
एक निवृत्त हवालदार,
ता. कोरेगाव, जि. सातारा

(नाव छापू नये. नातीला अजून तीन वर्षं त्याच शाळेत जायचं आहे.)