सर्वेक्षणाची सूचना बंदरावर लावा

समुद्रतळाखालचे थर शोधणारे जहाज कित्येक किलोमीटर लांबीची केबल ओढत चालते. दाबलेल्या हवेच्या धमाक्यांचे प्रतिध्वनी केबलमधले हायड्रोफोन (पाण्याखालचे माइक) टिपतात. असे जहाज पटकन थांबत नाही की वळत नाही. गेल्या हंगामात आमची जाळी अशाच केबलीत गेली. भरपाई कुणाकडे मागायची, हेच कळेना. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पण त्या खवळलेल्या दर्यात सर्वेक्षण तरी कसे जमणार? म्हणजे गाठ पडायची ती ऐन हंगामातच. संशोधनाला आमचा विरोध नाही. गोव्यातल्या दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेचे आम्हालाही कौतुक आहे. फक्त जहाजाचा मार्ग नि तारखा आठवडाभर आधी बंदरातल्या फळ्यावर मराठीत लिहा. इंग्रजी सूचना होडी चालवणाऱ्या तांडेलापर्यंत पोहोचतच नाही.

– एक मच्छीमार, हर्णै (ता. दापोली)