घाटातल्या चलनाबद्दल, चि. अमेयस

चि. अमेय यास अनेक उत्तम आशीर्वाद.

गाडी माझ्या नावावर, म्हणून चलनाचा मेसेज माझ्या मोबाइलवर आला. काल फोनवर तू म्हणालास, "दोन हजारांसाठी एवढं काय! मामाला सांगतो, तो बघेल." त्यावर मी जे बोलले ते परत उगाळत नाही. फोनवर आपण पाचव्या मिनिटाला भांडणावर येतो, म्हणून हे लिहिणं. रविवारी रात्री तुझं आणि बाबांचं जे झालं त्यावर या पत्रात एक अक्षर नाही. फक्त चलन.

चलनं दोन आहेत आणि दोघांचा मार्ग वेगळा आहे. तू दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून "सगळंच खोटं" म्हणतोस, घोळ तिथेच होतो.

आधी एक गोष्ट. मेसेजमधली लिंक दाबायची नाही, कुणाचाही मेसेज असो. बाबांना व्हॉट्सअ‍ॅपवर "आरटीओ चलन" नावाची फाईल आली होती, एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी. ते ती उघडणारच होते. असली फाईल उघडली की फोनमधले ओटीपी भलत्याकडे जातात आणि खातं रिकामं होतं. खरं चलन व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या दहा आकडी नंबरावरून फाईल होऊन येत नाही. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर स्वतः जायचं, पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' आहे ना ते बघायचं, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. महाट्रॅफिक अ‍ॅपवरही तेच दिसतं. चलन तिथे नसेल तर ते नाहीच. आपली दोन्ही तिथे आहेत, मी बघितली.

आता रविवारचं. जागा खंडाळा घाट, मुंबईकडे उतरणारी लेन, वेळ रात्री ११:४८, मर्यादा ६०, आपला वेग ९१. कलम १८३. कारसाठी कायद्यात एक ते दोन हजारांचा दंड आहे, आपल्याला दोन लागलेत. फोटो मोठा करून पाहिला. रात्रीचा, काळापांढरा, पण नंबर स्वच्छ वाचता येतो आणि गाडी आपलीच, बंपरवरचा तो पोचा सुद्धा दिसतो. तू पट्टा लावलेला आहेस. दोन्ही हात स्टिअरिंगवर. हे बघून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. शेजारची सीट रिकामी. डबा इथे ओट्यावरच राहिला होता.

तुझं म्हणणं, "कॅमेऱ्यापाशी मी स्लो केली होती." केली असशील. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर जुलै २०२४ पासून आयटीएमएस, म्हणजे कॅमेऱ्यांची वाहतूक यंत्रणा, सुरू आहे, आणि त्यात नुसता एका जागेचा वेग मोजत नाहीत, सरासरीही काढतात. वरच्या कमानीवरचा कॅमेरा नंबर वाचून वेळ नोंदवतो, खालच्या कमानीवरचा पुन्हा वाचतो. मधलं अंतर ठरलेलं, भागाकार केला की वेग. समज, दोन कमानींत आठ किलोमीटर आहेत. ६० ने आठ मिनिटं लागतात. तू पाच मिनिटं वीस सेकंदांत पोचलास तर सरासरी ९० झाली, मग कमानीखाली तू चाळीसवर असलास तरी काही उपयोग नाही. आणि वाचलं किती? दोन मिनिटं चाळीस सेकंद. चहा गाळायला तेवढा वेळ लागतो.

"मीटर चुकीचा असेल" हेही चालणार नाही. कंपनीचा मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी दाखवू नये असाच नियम आहे. एक अपवाद, मोठ्या मापाचे टायर घातले तर. टायरचा व्यास पाच टक्क्यांनी वाढला की मीटरवर ६० दिसताना गाडी ६३ ने पळते. तू दिवाळीत चाकं बदललीस तेव्हा माप बघितलं होतंस का? पण त्याने ६३ होतात, ९१ नाही.

साताऱ्याहून तू नऊला निघालास. पावणेबाराला घाटात. मी हिशेब केला, वाटेत तू कुठेही थांबला नाहीस. पाण्यालासुद्धा नाही. ना पोटात काही, ना डोकं शांत. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तरी एवढंच वाच. कोरडा रस्ता, चांगले टायर, सपाट जागा, आणि समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धर. ६० ला तेवढ्यात गाडी सतरा मीटर जाते, मग ब्रेकवर अजून वीस, म्हणजे सदतीसच्या आसपास थांबते. ९० ला नुसत्या त्या एका सेकंदात पंचवीस मीटर जातात आणि ब्रेकवर पंचेचाळीस, एकूण सत्तर. म्हणजे ६० वाली गाडी जिथे थांबून उभी असते, तिथे ९० वाली अजून पंचाहत्तरच्या आसपास वेगाने धावत असते. आणि हे सपाटीवर. उतार, ओला रस्ता, पुढे पार्किंग लाइट न लावता रखडलेला ट्रेलर, हे सगळं यात धरलेलंच नाही. वेग दीडपट झाला की ब्रेकचं अंतर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतं. तू इंजिनिअर आहेस, तुला मी काय सांगायचं. झालं, पुन्हा शाळा सुरू केली मी. राहू दे.

तर पहिल्या चलनाचं काय करायचं. मामाचं नाव काढू नकोस. हे पावतीपुस्तकावरचं चलन नाही की चौकीवर चहा पिऊन फाडून टाकलं. फोटो, वेळ, वेग सगळं सर्व्हरवर गेलेलं असतं, चौकातल्या हवालदाराला ते पुसता येत नाही आणि ज्याला येईल तो मामासाठी नोकरी धोक्यात घालणार नाही. शिवाय मामाला कशाला मिंधं करायचं?

लोकअदालतीची तुझी कल्पना अगदीच टाकाऊ नाही. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चार वेळा भरते, थकलेली चलनं तिथे तडजोडीला ठेवतात आणि पुष्कळदा रक्कम कमीही होते. पण ती सवलत हक्काची नाही. त्या वेळी काय ठरेल त्यावर सगळं. ज्याची दहा-पंधरा जुनी चलनं साठलीत त्याने तिथे जावं. आपलं एक, ताजं आणि खरं. त्यासाठी महिनोन्महिने थांबून चलन थकीत ठेवायचं, आणि गाडी तुझ्या नावावर करायला गेलो की तेच आडवं येणार. ना हरकत दाखला (एनओसी) अडतो, नावावर करणं अडतं.

कोर्टात लढायचं असेल तर मुद्दे आहेत, ते तुला माहीत असावेत म्हणून लिहिते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ ए हा नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आला. कॅमेऱ्याच्या चलनाची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायला हवी. फोटोत नंबर स्पष्ट हवा, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, जागा आणि कोणतं कलम मोडलं हे सगळं त्यात हवं. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं, दरवर्षी नवं. कॅमेरा आहे हे सांगणारा फलक आधी हवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही जोडलेलं हवं. यातलं काही नसेल तर माणसाने जरूर भांडावं, मी स्वतः सांगेन. आपल्या चलनात नोटीस वेळेत आहे, फोटो स्पष्ट आहे, आणि ६० चे फलक घाटात तूही शंभरदा वाचलेत.  चलन कोर्टापर्यंत गेलं की दोनच रस्ते, भरा किंवा लढा. लढा म्हटलं की समन्स माझ्या नावाने निघतं, आणि गाडी कोण चालवत होतं हे मालकाला विचारलं तर सांगावं लागतं, कलम १३३ आहे त्यासाठी. मी तिथे उभी राहून "आठवत नाही" म्हणणार नाही. तेव्हा हे भर. आजच भर.

दुसरं मात्र भरू नकोस. त्यात आपली गाडीच नाही.

ते गुरुवारचं, दुपारी तीनचं, पुण्याकडच्या लेनमधलं. फोटोत पांढरी सेदान आहे, पाठीमागे लांब डिकी. आपली हॅचबॅक. नंबर मोठा करून बघ. एमएच ११ बरोबर, अक्षरं बरोबर, शेवटचा आकडा आपला ३ आणि मला तो ८ दिसतो. नंबरप्लेटवर चिखल किंवा स्क्रूचं डोकं असलं की यंत्र ३ आणि ८, ० आणि डी, ८ आणि बी यांत गफलत करतं. घाईने दोन्ही एकदम भरून टाकलीस तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, आणि गेलेले पैसे परत मिळवणं जिकिरीचं.

साइटवर तक्रारीची सोय आहे. चलन नंबर टाक आणि दोनच ओळी लिही: फोटोतील वाहन माझे नाही, शेवटचा आकडा वेगळा आहे, वाहनाचा प्रकारही वेगळा आहे. रागाचं निबंधलेखन नको, वाचणाऱ्याला मुद्दा पहिल्या ओळीत दिसायला हवा. सोबत आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), आपल्या गाडीचे समोरून आणि बाजूने नंबर दिसेल असे उजेडातले फोटो, आणि त्या दिवसाचं फास्टॅगचं स्टेटमेंट. उर्से आणि खालापूर, दोन्ही नाक्यांवर त्या दिवशी आपली नोंद नाही हे त्यात दिसेल. स्टेटमेंटमध्ये पैसे कापल्याची वेळ आणि नाका ओलांडल्याची वेळ कधीकधी वेगळी असते, ओलांडल्याची बघ. सोसायटीच्या गेटवर नोंदवही असेल तर त्या पानाचा फोटोही लाव. तक्रारीचा नंबर आला की स्क्रीनशॉट काढून मला पाठव.

एक शक्यता आहे, ती वाईट आहे. नीट मोठं करून पाहिल्यावर तिथेही ३ च निघाला, तर ती वाचण्यातली चूक नाही, कुणीतरी आपला नंबर लावून गाडी फिरवतो आहे. मग नुसती ऑनलाइन तक्रार पुरत नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची, कारण उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर पोलीस आपल्या दारात येतील. म्हणून आधी आकडा बघ.

आजीला पुण्याला हलवलं त्या रात्री गाडी तूच चालवली होतीस. खंबाटकीच्या वळणांवर ती मागे झोपलेली होती आणि सलाइनची बाटली मी हातात धरली होती, ती हललीसुद्धा नाही. बाबा पुढे बसून "अरे जरा दाब की" म्हणत होते आणि तू म्हणालास, "बाबा, दाबलं तर तिला दुखेल." आत्याला मी अजून सांगते ते. तेव्हा तुला लायसन्स मिळून वर्षसुद्धा झालं नव्हतं. तोच हात, तोच पाय. म्हणून मला ते ९१ समजत नाहीत. म्हणजे समजतात. भांडून निघालं की पाय जड होतो.

उतारावर गाडी तिसऱ्यात ठेव. ज्या गिअरमध्ये चढला असतास त्यातच उतरायचं, इंजिनच गाडी धरून ठेवतं. पाचव्यात सोडून ब्रेकवर पाय ठेवून बसलं की पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळतं, आणि ऐन वळणावर पेडल मऊ होऊन खाली जातं. जळका वास आला तर पुढच्या सुरक्षित जागी बाजूला घेऊन गार होऊ दे, चाकांवर पाणी ओतू नकोस. न्यूट्रल तर कधीच नाही, डिझेल वाचतं म्हणून कुणी कितीही सांगो.

पैसे भरताना ओटीपी माझ्या मोबाइलवर येईल, तेव्हा साडेनऊनंतर फोन कर, त्याआधी माझा स्वयंपाक चालू असतो. खात्यातून पैसे गेले आणि साइटवर चलन "अनपेड"च दिसलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नकोस, दोन दिवस थांब, ट्रान्झॅक्शन नंबर जपून ठेव. पावतीची पीडीएफ गाडीच्या कागदांच्या फोल्डरमध्ये टाक. पैसे तुझ्याच खात्यातून जाऊ देत. बाबा म्हणत होते मी भरतो, मी नको म्हटलं. हो, ते म्हणाले तसं. तुला कळावं म्हणून लिहिलं, बाकी त्या विषयावर मी काही लिहिणार नव्हते.

पुढच्या वेळी निघायला उशीर झाला तर सकाळी निघ. ऑफिसला अर्धा दिवस खाडा झाला तरी चालेल.

तुझी,
आई

ता. क. टायरच्या बाजूवर जे आकडे लिहिलेले असतात त्यांचा फोटो पाठव. ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर कंपनीचं माप असतं, त्याचाही पाठव. आणि परत जाताना खोपोलीच्या आधी थांबत जा, निदान दहा मिनिटं.