सिमेंटला शिव्या देण्याआधी कटरवाल्याला फोन लावा

मा. संपादक साहेब,
स.न.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात काँक्रीटच्या तड्यांबद्दल एक पत्र आलं होतं, त्यात सगळा राग सिमेंटवर काढलेला, की राखेचं सिमेंट देतात, भेसळ असते वगैरे. आम्हा भुसावळकरांना दीपनगरच्या वीज केंद्राची राख माहितीच आहे त्यामुळे राख म्हटलं की लगेच पटतं, पण पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, हा काही डुप्लिकेट माल नाही, रीतसर आयएसआय मार्क असतो त्याच्यावर, फक्त त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं. अंगणात, पार्किंगमध्ये, कॉलनीच्या रस्त्यावर तडे जातात ते बहुतेक वेळा जॉइंट, म्हणजे काँक्रीटला मुद्दाम द्यायचे सरळ काप, कापले नाहीत म्हणून जातात आणि त्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही.

काँक्रीट वाळताना आखडतं, कितीही भारी सिमेंट टाका. सहा मीटरचा पट्टा असेल तर साधारण तीनेक मिलिमीटर धरा. खालचा मुरूम त्याला सरकू देत नाही, मग ते कुठेतरी फाटतंच. म्हणून वरून सरळ काप द्यायचा, जाडीच्या निदान चौथ्या हिश्शाएवढा खोल, म्हणजे तिथे ते कमजोर होतं आणि तडा त्या कापाखालीच जातो, वर नजरेला येत नाही. 4 इंच जाडी असेल तर 8 ते 10 फुटांवर काप, आडवे पण आणि उभे पण, चौकोन शक्यतो चौरस ठेवायचे, लांबुळका पट्टा ठेवला की तो मध्ये आडवा तुटलाच समजा.

आता आपल्याकडे काय होतं, सगळी कामं आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे निघतात, पारा 44-45 ला, भर दुपारी मिक्सर चालू, माल घट्ट वाटला की मिक्सरवाला सरळ पाईप सोडतो, एका गोणीला तीस लिटरच्या वर पाणी नको (ओल्या वाळूतलं धरून) हे त्याला सांगायला गेलं तर तो आपल्याकडेच बघून हसतो. त्यात गरम वारा. गच्चीवर वाळत घातलेले बिबडे (ज्वारीचे पापड) जसे वरून आधी वाळून कडा वळतात तसंच काँक्रीटचं होतं, वरची साय सुकली आणि आत अजून ओलं, तासा-दोन तासात बारीक बारीक चिरा. ह्या चिरा जॉइंटनं थांबत नाहीत बरं का, त्याला संध्याकाळी काम करणं, वर प्लास्टिक टाकणं हाच उपाय. जॉइंट पुढच्या तड्यांसाठी.

कटर कधी मारायचा ह्यातच सगळी गंमत आहे. लोक म्हणतात आठ दिवसांनी बघू, तोवर तडा जाऊन बसलेला असतो. थोडंसं कापून बघायचं, काठाची खडी उपटून येत असेल तर थांबायचं, काठ साफ निघाला की लगेच कामाला लागायचं, आपल्या उन्हाळ्यात सकाळी ओतलेलं असेल तर बऱ्याचदा त्याच रात्री लाईट लावून कापावं लागतं. आणि टाईल्सवाल्याचा छोटा कटर इंचभरच जातो, 4 इंचाला तो कसाबसा पुरतो, 6 इंचाच्या रस्त्याला नाही, तिथे मोठं मशीनच पाहिजे. कित्येक ठिकाणी तर अर्धा इंच रेघ मारून ठेवतात, ती नुसती नक्षी.

आमच्या पार्किंगमध्ये येऊन बघा, कॉलमच्या कोपऱ्यातून निघालेला तडा तिरपा चालत चेंबरच्या झाकणाच्या कोपऱ्याला जाऊन भिडलाय. कॉलमभोवती थर्माकोलची पट्टी टाकून काँक्रीट मोकळं ठेवलं असतं आणि झाकणाच्या रेषेत काप दिला असता तर हे टळलं असतं. ठेकेदाराचं उत्तर काय, "भाऊ, काँक्रीट हाये, तडे तं जानारच!" आणि जाळी टाकली होती ना म्हणे, पण जाळी टाकून तडा जायचा थांबत नाही, ती फक्त तो रुंद होऊ देत नाही, आणि तीसुद्धा वरच्या अंगाला असली तर, आमची बिचारी मुरमावरच झोपलेली.

काळ्या मातीचं दुखणं वेगळं, ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, तिथे खाली मुरूम नीट भरून दाबला नाही तर जॉइंट काय करणार.

पाणी मारण्याचा नियम आयएस 456 ह्या काँक्रीटच्या भारतीय मानकात स्पष्ट आहे, साध्या सिमेंटला कमीत कमी 7 दिवस, राखेच्या सिमेंटला किंवा कोरड्या उन्हात 10, आणि राखेच्या सिमेंटला तर 14 पर्यंत मारा म्हणतात. सकाळी एकदा पाईप फिरवला म्हणजे झालं असं नाही, गोणपाट ओलं राहिलं पाहिजे.

एक मात्र छापाच साहेब, हे सगळं जमिनीवरच्या काँक्रीटचं आहे, हे वाचून कोणी घराच्या वरच्या आरसीसी स्लॅबला कटर लावू नका, तिथे लोखंड आहे, तिथला तडा आधी इंजिनिअरला दाखवा.

आणि पालिकेच्या रस्त्याच्या बोर्डावर रक्कम आणि ठेकेदाराचं नाव लिहितात, त्याच्याच खाली जॉइंट किती फुटांवर, किती खोल आणि पाणी किती दिवस हे पण लिहायला लावा, लोक टेप घेऊन मोजतील.

आपला,
एक वाचक, भुसावळ