ईरा आणि वेद यांच्या सह्यांच्या वहीविषयी

सोलापूर,
२४ ऑगस्ट

चि. सौ. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. नोव्हेंबरात तुम्ही चौघे फ्लोरिडात ऑरलँडोचे डिस्ने वर्ल्ड पाहायला जाणार आहात आणि मिकी, मिनी, गूफी यांच्या सह्या घेण्यासाठी ईराला जी वही लागेल ती मीच इथून बांधून पाठवावी, असे तू लिहिलेस, याचा मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगणे कठीण आहे. आयुष्यभर मी ग्रंथालयांची पुस्तके, कापडपेढ्यांच्या खतावण्या आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध बांधले. साडेतीन वर्षांच्या मुलीने हातात धरून फिरावे अशी वही मात्र वेगळ्या विचाराने बांधावी लागते, आणि तो विचार तुझ्यापुढे सविस्तर मांडावा म्हणून निरोपाचे उत्तर पत्राने देत आहे.

वहीचा आकार ए-५ ठेवणार आहे, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. याहून मोठी वही ईराच्या हातात मावणार नाही, आणि याहून लहान केली तर चार बाय सहा इंचांचा फोटो पानावर मोकळा बसणार नाही. डावीकडे फोटो आणि उजवीकडे सही, अशी मांडणी माझ्या मनात आहे. फोटो चिकटवल्यावर वही पुढून फुगते आणि शिवण ताणली जाऊन पाने सुटतात. ते टाळण्यासाठी प्रत्येक दोन पानांच्या मध्ये कण्याशी कागदाची एक अरुंद पट्टी शिवून घेईन, म्हणजे फोटोंच्या जाडीला आधीच जागा राहील. कागद २०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, पण गुळगुळीत नसलेला घेणार आहे. आर्ट पेपरवर मार्करची शाई लगेच वाळत नाही आणि वही मिटताच समोरच्या पानावर डाग उमटतो, तर साध्या वहीच्या कागदातून तीच शाई पलीकडे फुटते. शिवण दोऱ्याची असेल, तारेची नाही, कारण वही टेबलाशिवाय, नुसत्या तळहातावर, पूर्ण सपाट उघडली पाहिजे. सही करणाऱ्याच्या हातात जाड मोजा असतो आणि त्याला पान दाबून धरता येत नाही, हे मी तुझ्या ताईच्या मुलांबरोबर तिथे गेलो होतो तेव्हा जवळून पाहिले आहे.

त्याच कारणासाठी पेन जाड घ्यावे. मिकीच्या मोज्याला अंगठा धरून चारच बोटे असतात, आणि बारीक बॉलपेन त्या बोटांत टिकत नाही. टोपणाचे पेनही नको, कारण टोपण काढणे, सांभाळणे आणि पुन्हा लावणे यात मुलांच्या वाट्याचा वेळ जातो. बटण दाबून टोक बाहेर येणारे जाड मार्कर तिकडे सहज मिळतात. दोन घेऊन ठेव आणि एक वहीच्या कडेला मी शिवलेल्या फितीत अडकव. आपली पाळी येण्यापूर्वी कोरे पान उघडून त्यात बोट घालून उभे राहा. अंगातल्या कपड्यांवर, नोटांवर किंवा झेंड्यांवर ही पात्रे सही करत नाहीत, तेव्हा निखिलरावांनी टी-शर्टवर सही घेण्याचा बेत केला असेल तर तो सोडून द्यावा.

आता सह्यांबद्दल. आपल्याकडे हुतात्मा स्मृतिमंदिरात नाटकाचा प्रयोग संपला की लोक रंगपटात जातात आणि चेहऱ्यावरचा रंग पुसत असलेल्या नटाकडून त्याच्या स्वतःच्या नावाची सही घेतात. डिस्नेच्या उद्यानात भूमिकाच सही करते. आतला कलाकार कोण आहे हे पाहुण्यांना कधीही सांगितले जात नाही. प्रत्येक पात्राच्या सहीचे वळण ठरलेले असते आणि ते पात्र करणाऱ्या प्रत्येक कलाकाराला ते गिरवून शिकावे लागते. त्यामुळे आज घेतलेली मिकीची सही आणि काही वर्षांनी घेतलेली मिकीची सही शेजारी ठेवली तरी मुलाला दोन वेगळे मिकी दिसत नाहीत. पूर्वी आपल्या दारी येणारा बहुरूपी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत आपले सोंग सोडत नसे, तशीच ही निष्ठा आहे, आणि मला तिचे मनापासून कौतुक वाटते. १९२८ साली पडद्यावर आलेला एक उंदीर आणि १९५५ साली कॅलिफोर्नियात उघडलेले पहिले उद्यान यांच्यावर एवढ्या पिढ्यांतील मुलांनी विश्वास ठेवला, त्यामागे कोणाला दिसणारही नाही अशा माणसांनी घोटलेल्या या अक्षरांचाही वाटा आहे. करोनाच्या काळात सह्या आणि मिठ्या दोन्ही बंद झाल्या होत्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडात त्या पुन्हा सुरू झाल्याचे वाचले तेव्हा मला खरोखर बरे वाटले होते.

परंतु मृणाल, मला तुला जे मुख्यतः सांगायचे आहे ते वेगळे आहे. ही वही भरण्यासाठी नाही. ईराच्या वयाच्या मुलीला आपल्याहून दुप्पट उंच, मोठ्या डोक्याच्या, न बोलणाऱ्या प्राण्यासमोर उभे राहायचे असते, आणि अशा वेळी हातांचे काय करावे हे तिला समजत नाही. वही तिच्या हातांना काम देते. वही पुढे करणे, सही होताना पाहणे, वही परत घेणे, एवढ्या तीन गोष्टी तिला करायच्या असतात, आणि त्या करताना मधल्या क्षणांत ती समोरच्याला हळूहळू न्याहाळून घेते. मिठी मारायला नको असलेल्या मुलाला जवळ जाण्याचा हा सभ्य आणि सुरक्षित मार्ग आहे. म्हणून वही तुझ्या किंवा निखिलरावांच्या हातात नसावी, ईराच्याच हातात असावी. पान चुरगळले, उलटे धरले गेले, सही तिरकी आली, तरी चालेल.

गेल्या संक्रांतीला तुम्ही इथे आला होतात तेव्हाचे तुला आठवत असेल. सिद्धेश्वरांच्या यात्रेत सातही नंदीध्वज निघाले, पांढऱ्या बाराबंदीतील माणसांची एवढी गर्दी लोटली, पण ईरा माझ्या खांद्यावर अगदी शांत बसून पाहत होती. त्याच संध्याकाळी होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत मुखवटे विकणाऱ्या एका माणसाने स्वतःच्या तोंडावर वाघाचा मुखवटा चढवला आणि तिने तुझ्या ओढणीत तोंड लपवले. गर्दीचे, आवाजाचे, उंचीचे तिला भय नाही. माणसाच्या शरीरावर माणसाचा नसलेला चेहरा दिसला की ती घाबरते. या वयातील पुष्कळ मुलांचे असेच असते, आणि त्यात समजावून घालवण्यासारखे काही नाही. तेव्हा भेटींचा क्रम तिच्या या स्वभावावरून ठरवावा, असे मला वाटते.

उद्यानातील पात्रे दोन प्रकारची आहेत. सिंड्रेला, रॅपन्झेल यांच्यासारख्या राजकन्यांचा चेहरा उघडा असतो आणि त्या मुलांशी आपल्या गोष्टीला धरून बोलतात. मिकी, मिनी, गूफी, प्लूटो, विनी द पू हे पूर्ण पोशाखात असतात आणि एक शब्दही न बोलता मानेने, हातांनी, टाळ्यांनी सगळे सांगतात. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या उद्यानात फाटकातून आत शिरताच टाउन स्क्वेअर थिएटरमध्ये मिकी भेटतो, त्यामुळे बहुतेक कुटुंबे पहिल्यांदा तिकडेच वळतात. तुम्ही तसे करू नका. पहिली सही त्याच उद्यानातल्या फँटसीलँड या भागात, प्रिन्सेस फेअरीटेल हॉलमध्ये एखाद्या राजकन्येची घ्या. तिला माणसाचा चेहरा आहे, ती ईराला नाव विचारेल, तिच्या झग्याचे कौतुक करेल, आणि वही देण्याघेण्याचा सराव तिथे आपोआप होईल. दुपारच्या मिरवणुकीत रस्त्याच्या कडेला बसून मिकीला दुरून जाताना पाहू द्या. त्याने हात हलवला आणि हिनेही हलवला, की ओळख झाली. मिकीची सही त्यानंतर, किंवा दुसऱ्या दिवशी. तो बोलणार नाही, हेही तिला आधी सांगून ठेव; न बोलणाऱ्याला मुले रागावलेला समजतात.

वेद अजून दोन वर्षांचाही नाही. त्याच्यासाठी तिकीट लागत नाही, कारण तीन वर्षांखालील मुलांना तिथे प्रवेश विनामूल्य आहे, आणि सहीचाही त्याला काही अर्थ नाही. तो तुझ्या कडेवर राहील आणि तिथूनच जे पाहायचे ते पाहील. फोटोसाठी त्याला पात्राच्या हातात देण्याचा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे नकार दे. माझ्यासमोर एका कुटुंबाने रडून लालबुंद झालेल्या बाळाला तीन वेळा गूफीजवळ ठेवले होते. अखेरीस गूफीच दोन पावले मागे सरला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने आपले तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतले, तेव्हा ते बाळ गप्प झाले. त्या पोशाखातील माणसाला मुलांची जाण होती. पात्राबरोबर उद्यानाचा एक मदतनीस कायम उभा असतो. ईरा बिचकते आहे हे त्याला आधी हळूच सांगितले तर तो पात्राला तशी खूण करतो, आणि तुमच्या फोनवर फोटोही काढून देतो. म्हणजे तुम्हा दोघांनाही मुलांजवळ राहता येईल.

रांगेत मुलांना किती वेळ उभे करायचे, याची मर्यादा घरूनच ठरवून निघा. सकाळी फाटक उघडल्यापासून जेवणापर्यंतचा वेळ मुलांचा असतो. त्यानंतर ती दमतात, आणि दमलेल्या मुलाला मिकी काय नि आणखी कोणी काय, सारखेच. कोणते पात्र कुठे आणि कधी भेटेल, रांग किती मोठी आहे, हे माय डिस्ने एक्स्पिरियन्स या अ‍ॅपवर दिसते. मोकळ्यावर भेटणारी पात्रे थोड्या थोड्या वेळाने विश्रांतीसाठी आत जातात आणि मदतनीस रांग थांबवतो, म्हणून उभे राहण्यापूर्वी त्याला विचारावे. वेदच्या दुधासाठी आणि कपडे बदलण्यासाठी प्रत्येक उद्यानात शिशुसेवा केंद्र आहे. मॅजिक किंगडममधले क्रिस्टल पॅलेस या भोजनगृहाच्या शेजारी आहे. तिथली शांत, थंड खोली मुलांना अर्धा तास पडायला फार उपयोगी पडते.

रांगा अगदीच टाळायच्या असतील तर एका सकाळी पात्रांसोबत न्याहारी करावी, आणि माझ्या मते लहान मुलांसाठी हाच सर्वांत चांगला खर्च आहे. डिस्नेच्याच कंटेम्पररी रिसॉर्ट या हॉटेलातील शेफ मिकीज या भोजनगृहात तुम्ही आपल्या टेबलाशी बसलेले असता आणि मिकीमंडळी एकेक करून तुमच्याकडे येतात. मुलाच्या पाठीशी खुर्ची असते, शेजारी आई असते, समोर ओळखीचे ताट असते. भीती वाटण्याचे निम्मे कारण तिथेच संपते. शेजारच्या टेबलाशी आलेला गूफी ईराला आधीच दिसतो आणि तो आपल्याकडे येईपर्यंत मनाची तयारी होते. तिथेही तीन वर्षांखालील मुलांचे पैसे घेत नाहीत. मात्र टेबल ६० दिवस आधीपासून राखून ठेवता येते आणि पहाटेच संपते, तेव्हा तुमच्या तारखा मोजून सप्टेंबरच्या त्या दिवशी निखिलरावांना लवकर उठायला सांग.

वहीत मी एक गोष्ट माझ्या मनाने घालणार आहे. पहिले पान ईराचे असेल. निघण्यापूर्वी तिच्याकडून त्यावर तिची सही करून घे, म्हणजे ती हल्ली जे गोल गोल काढते ते. त्याखाली वेदचा तळहात ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मार. मिकीने वही उघडली की त्याला आधी या दोघांच्या सह्या दिसाव्यात. तुझ्या ताईच्या मुलांच्या वहीत आम्ही असेच केले होते, आणि मिनीने ते पान पाहून छातीवर हात ठेवला तेव्हा ताईच्या पोरीला जो आनंद झाला तो वहीतल्या कुठल्याही सहीने झाला नव्हता. शेवटी काही पाने कोरी ठेवीन. त्यांवर वाटेत जे चिकटवावेसे वाटेल ते चिकटवा. सगळी पाने भरली नाहीत तर उरलेल्यांवर इथे आल्यावर आजी चित्रे काढून देणार आहे, हे तिने आत्ताच कबूल केले आहे.

पुठ्ठ्यावर सोलापुरी चादरीचे कापड लावणार आहे. चादरीचे सूत जाड आणि विणीत मोकळे असल्यामुळे खळ वर उमटते, म्हणून कापडाला आतून आधी पातळ कागद चिकटवून वाळवावा लागतो. त्याला दोन दिवस लागतील, आणि सध्या पावसाळी हवा असल्याने कदाचित जास्तच. माझ्याकडे लाल-पांढऱ्या मोरांचे आणि निळ्या फुलांचे असे दोन तुकडे आहेत. ईराला कोणता हवा ते तिलाच विचारून कळव. तिचे नाव वर देवनागरीत भरावे की इंग्रजीत, तेही सांग. तिथल्या मदतनिसांनाही नाव वाचता यावे, म्हणून मला वाटते दोन्ही लिप्यांत घालावे. पाने उद्या कापायला घेतो. कापडाचे तुझे उत्तर आठवडाभरात आले तर सप्टेंबर संपण्यापूर्वी वही तुमच्या हातात पडेल.

निखिलरावांना नमस्कार, ईरा आणि वेद यांना गोड पापा.

तुझे,
बाबा