बिग बर्थाची चाके

महोदय,

रविवार पुरवणीतील पहिल्या महायुद्धावरचा लेख वाचला. ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममधील लीजचे किल्ले पडले ते 'बिग बर्था' या जर्मन तोफेच्या अवाढव्य तोंडामुळे, असे त्यात म्हटले आहे. नळीचा ४२ सेंटिमीटर व्यास आणि सुमारे ८०० किलोचा गोळा ऐकून कुणीही दिपून जाईल. पण तेवढ्याच व्यासाची 'गामा' तोफ क्रुप या जर्मन शस्त्र कारखान्याने आधीच बनवली होती. तिचे वजन दीडशे टनांच्या घरात. ती डागायची तर मोर्चापर्यंत रूळ टाकायचे, मग बैठक खणून जोडणी करायची. झपाट्याने पुढे सरकणाऱ्या सैन्याबरोबर हे धूड फिरणार कसे? तोफखान्यात नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, तोफ डागण्यापेक्षा ती जागेवर नेण्यातच जीव मेटाकुटीला येतो.

बिग बर्था गामाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही हलकी होती. चाकांवर बसवलेली, सुटी करून ट्रॅक्टरने रस्त्यावरून ओढता येणारी. वाटेतला रेल्वे बोगदा बेल्जियनांनी उडवला होता, तरी १२ ऑगस्टला ती लीजसमोर उभी राहिली. १५ तारखेला लीजच्या लाँसँ किल्ल्याचे दारूकोठार फुटले आणि बेल्जियन सेनापती लेमाँ बेशुद्धावस्थेत जर्मनांच्या हाती लागले.

ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ३०५ मिलिमीटर स्कोडा तोफेचा लेखात उल्लेखही नाही, हे खटकले. तीन भागांत सुटी होणारी ही तोफ ऑस्ट्रो-डाइमलरचे ट्रॅक्टर ओढत. त्यांचा आराखडा फर्डिनांड पोर्शचा. पुढे फोक्सवॅगन बीटल घडवणारे तेच. बेल्जियममधल्याच नामूरच्या किल्ल्यांसाठी जर्मनांनी याच तोफा मित्राकडून उसन्या आणल्या.

लीजच्या काँक्रीटचाही दोष होताच. १८८८ नंतर बांधलेल्या त्या किल्ल्यांच्या काँक्रीटमध्ये सळ्या नव्हत्या, शिवाय ते थराथराने ओतलेले. फ्रेंच सेनापतींनी मात्र किल्लेच कालबाह्य झाले असा अर्थ काढला आणि १९१५ मध्ये फ्रान्समधील व्हर्दंच्या किल्ल्यांतील बऱ्याच तोफा आणि शिबंदी हलवली. २५ फेब्रुवारी १९१६ रोजी डुओमाँ हा तिथला सर्वांत मोठा किल्ला मूठभर जर्मन शिपायांनी जवळजवळ लढाईविना घेतला. त्याचे मजबूत केलेले छत ४२ सेंटिमीटरच्या गोळ्यांनाही पुरून उरले होते, एवढे लेखकाने पुढच्या भागात अवश्य लिहावे.

— तोफखान्यातून निवृत्त झालेला एक वाचक, देवळाली