'हट्टी' या एका शब्दावर भागणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या स्पर्धा परीक्षा पुरवणीत नुकतीच इंग्रजी विशेषणांची एक यादी प्रसिद्ध झाली. स्टबर्न, ऑब्स्टिनेट, पिगहेडेड, रिफ्रॅक्टरी, रिकॅल्सिट्रंट, इन्ट्रान्सिजन्ट, रेस्टिव्ह अशा सगळ्या शब्दांपुढे तीत एकच मराठी अर्थ छापला होता, 'हट्टी'. तलाठी भरतीपासून बँकांच्या परीक्षांपर्यंत इंग्रजी शब्दसंग्रहावर प्रश्न येतात आणि लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या अभ्यासिकांमध्ये मुले अशा याद्या घोकतात, तेव्हा पुरवणीच्या हेतूबद्दल वाद नाही. परंतु एवढ्यावर विसंबलेला विद्यार्थी रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नात हमखास फसेल. ही विशेषणे हट्टाचे वर्णन करतात त्याहून अधिक, तो हट्ट कोणाला आणि का खुपतो हे सांगतात.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात हे एका वाक्यात दाखवून दिले होते. मी ठाम आहे, तुम्ही हट्टी आहात आणि तो मात्र आडमुठा मूर्ख आहे, असा त्या वाक्याचा आशय. वागणे तिघांचे सारखेच. फर्म, ऑब्स्टिनेट आणि पिगहेडेड हा फरक केवळ बोलणाऱ्याच्या नजरेतला. (आपण डुकराला घाणीवरून नावे ठेवतो, इंग्रजांनी हट्टावरून ठेवली.) गंमत म्हणजे कुत्र्यावरून आलेला डॉग्ड आज बहुधा कौतुकाने वापरतात. तो आणि टिनेशस, म्हणजे आपले चिवट आणि जिद्दी, याच घराण्यातले असूनही आपल्या यादीत त्यांना जागाच नव्हती.

सर्वांत मोठा अन्याय रिफ्रॅक्टरी या शब्दावर झाला आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत हा शब्द कोणाला शिकवावा लागणार नाही. तेथील पोलाद कारखान्यांत लोखंडाचे भंगार वितळवणाऱ्या भट्टीला आतून जे अस्तर देतात, तो माल रिफ्रॅक्टरी या नावानेच ओळखला जातो. पोलाद साधारण १,५०० अंश सेल्सिअसला वितळते. भट्टी त्याहूनही तापवावी लागते आणि एवढ्या उष्णतेत जे अस्तर वितळत नाही त्याच्याच जोरावर कारखाना चालतो. येथे हा शब्द सरळसरळ गुण सांगतो. मेंदूविकारतज्ज्ञाच्या तोंडी तो येतो तेव्हा मात्र रुग्णाच्या घरच्यांचा चेहरा उतरतो, कारण योग्य निवडलेली दोन औषधे नीट देऊनही ज्याचे झटके थांबत नाहीत अशा अपस्माराला रिफ्रॅक्टरी म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत तर सारा न भरणारे जमीनदार आणि दक्षिणेतले हुकूम न मानणारे पाळेगार हेही रिफ्रॅक्टरीच ठरतात. ते खरोखर हट्टी होते की वसुली अन्यायाची होती, हे त्या विशेषणावरून कळत नाही. वसुली अडली होती एवढेच कळते. आपल्याला मराठीत एकच शब्द द्यायचा असेल तर माणसांसाठी 'नाठाळ' चालेल, रोगासाठी 'औषधाला दाद न देणारा' आणि भट्टीसाठी 'उष्णतारोधक'. तिन्हींपुढे 'हट्टी' लिहिले तर हट्टी वीट आणि हट्टी अपस्मार असे हास्यास्पद प्रयोग तयार होतात.

रिकॅल्सिट्रंट हा शब्द शेतकऱ्यांच्या मुलांना तर चटकन समजायला हवा. त्याच्या मुळाशी टाच या अर्थाचा लॅटिन शब्द आहे आणि मागे लाथ झाडणारा हा त्याचा मूळ भाव आहे; धार काढताना लाथ मारणाऱ्या गाईला आपण लाथाळ म्हणतो, तेच. आज तो शिस्त झुगारणाऱ्या माणसासाठी वापरतात. शिवाय परभणीच्या कृषी विद्यापीठात बियाणेशास्त्र शिकणाऱ्यांना तो आणखी एका अर्थाने भेटतो. जे बी वाळवून थंडीत साठवता येत नाही, वाळले की मरते, त्याला १९७३ पासून रिकॅल्सिट्रंट म्हणण्याची पद्धत आहे. ज्वारी आणि हरभरा कोरडे करून ठेवले तरी पुढच्या हंगामात उगवतात. आंब्याची कोय मात्र ताजी असतानाच लावावी लागते. आपल्या केसर आंब्याची कोय साठवणुकीला नकार देते ती हट्टाने नव्हे, तिच्या घडणीमुळे.

इन्ट्रान्सिजन्ट हा शब्द १८७० च्या दशकातील स्पेनमधल्या, तडजोड नाकारणाऱ्या प्रजासत्ताकवाद्यांच्या नावावरून पसरला. तो वाटाघाटी आणि राजकारण यांच्या संदर्भातच शोभतो. रडून खेळणे मागणाऱ्या पोराला तो लावू नये.

रेस्टिव्हच्या बाबतीत मात्र आपला अर्थ अपुराच नाही, तर आज दिशाभूल करणारा आहे. मूळ फ्रेंच शब्द जागचा न हलणाऱ्या घोड्यासाठी होता. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घेणारा गिऱ्हाईक जनावर चालवून, मागे सारून पाहतो आणि अडले तर 'अडेल आहे' म्हणून पुढे जातो. रेस्टिव्हचा जुना अर्थ नेमका तोच. आता इंग्रजीत त्याचा अर्थ जवळजवळ उलटला असून, पुढाऱ्याची वाट पाहून कंटाळलेली, आवरेनाशी झालेली सभेतली गर्दी ही रेस्टिव्ह. येथे 'हट्टी' हा पर्याय निवडणाऱ्याचा गुण जाणार, हे ठरलेले आहे.

माझी सूचना अवघड नाही. प्रत्येक विशेषणापुढे अर्थाबरोबर ते माणसाला, वस्तूला की रोगाला लागते हे लिहावे, त्यात निंदा आहे की स्तुती ते सांगावे आणि एक पूर्ण वाक्य द्यावे. जागेअभावी वीस शब्दांचे आठ करावे लागले तरी हरकत नाही. निदान रेस्टिव्हची दुरुस्ती पुढच्याच पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक
अंबाजोगाई, जि. बीड